ख्रिस्ती श्रद्धेचा पाया



व्याख्यानमालेच्या चालकांनी 'ख्रिस्ती श्रद्धेचा पाया' हा विषय मला सुचविला, तेव्हा तो स्वीकारावा की नाही याचा मी थोडा विचार केला. समोर बसणारे बहुसंख्य श्रोते ख्रिस्ती नाहीत आणि बोलणारा ख्रिस्ती आहे, अशा सभेत दोन धोके असतात. एक म्हणजे व्याख्यानाचे प्रवचन होणे. ते ऐकायला आपण आलेला नाहीत, आणि चर्चमधले व्यासपीठ मी इथे उचलून आणणे योग्यही नाही. दुसरा धोका याच्या उलट आहे. कोणालाच काही खुपू नये म्हणून सगळे धर्म एकच सांगतात असे गोडगोड बोलावे आणि खाली बसावे. त्याने कोणाचे मन दुखत नाही हे खरे, पण कोणाच्या ज्ञानात भरही पडत नाही. म्हणून मी तिसरी वाट धरणार आहे. ख्रिस्ती माणूस आपल्या श्रद्धेचा पाया कशाला म्हणतो, तो कसा घातला जातो आणि त्याची परीक्षा केव्हा होते, हे आपल्या ओळखीच्या एका चरित्राच्या आधारे मी मांडणार आहे. ते चरित्र पंडिता रमाबाईंचे. त्यांच्या आयुष्यातील मोठा भाग पुण्यात आणि पुण्याजवळच्या केडगावात गेला, तेव्हा उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

आधी 'पाया' या शब्दाकडे वळू. येशू ख्रिस्ताने दोन घरे बांधणाऱ्यांचा दृष्टांत सांगितला आहे. एकाने घर खडकावर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला. पहिले घर टिकले आणि दुसरे कोसळले. हा दृष्टांत मत्तय आणि लूक या दोघांच्याही शुभवर्तमानांत आहे. पण लूकने त्यात एक तपशील दिला आहे, जो मत्तयात नाही. खडकावर बांधणाऱ्या माणसाने आधी खोल खणले, असे लूक म्हणतो. म्हणजे खडक वर उघडा पडलेला नव्हता. त्याच्यावर माती होती, आणि ती उपसल्याखेरीज खडक हाताला लागणार नव्हता.

दख्खनच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडची काळी जमीन पिकाला चांगली आणि घराला वाईट. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावर उभारलेल्या भिंतीला दोन-चार वर्षांत तडे जातात. म्हणून जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत चर खणायला लावतो, आणि मुरमाखाली खडक लागला तर त्याला आनंद होतो. घरमालकाला मात्र हा खर्च व्यर्थ वाटत असतो, कारण त्या पैशांतले काहीच डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते जोते, दिसतो तो दरवाजा, दिसते ती नक्षी. पॅलेस्टाइनमध्येही असेच आहे. तिथले ओढे उन्हाळ्यात कोरडे पडतात, त्यांच्या पात्रातली सपाट वाळू घर बांधायला मोठी सोयीची दिसते, आणि हिवाळ्याच्या पावसात तिथूनच लोंढा येतो. उन्हाळ्याच्या दिवसांत दोन्ही घरे सारखीच दिसतात, ही या दृष्टांतातली मर्माची गोष्ट आहे. कोणते घर कसे आहे हे ठरविणारा परीक्षक एकच, आणि तो म्हणजे पूर.

आता हा दृष्टांत कोठे आला आहे ते पाहा. डोंगरावरील प्रवचन म्हणून जे प्रसिद्ध आहे, त्याच्या अगदी शेवटी मत्तयाने तो घातला आहे. शत्रूवर प्रेम करा, दान गुप्तपणे द्या, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढण्यापूर्वी आपल्या डोळ्यातले मुसळ पाहा, इत्यादी शिकवण सांगून झाल्यावर ख्रिस्त म्हणतो की ही वचने ऐकून जो त्याप्रमाणे वागतो तो खडकावर बांधणारा, आणि ऐकून जो वागत नाही तो वाळूवर बांधणारा. दोघेही ऐकणारेच आहेत, हे ध्यानात घ्यावे. न ऐकणारा माणूस या दृष्टांतात नाहीच. म्हणजे हा इशारा नास्तिकाला किंवा परधर्मीयाला दिलेला नसून भक्ताला दिलेला आहे. तो आम्हां ख्रिस्ती लोकांना उद्देशून आहे.

इथे एक शंका येईल. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पाया एकच आणि तो म्हणजे येशू ख्रिस्त, असे सांगितले आहे. मग पाया कोणता मानायचा? ख्रिस्ताची व्यक्ती, की त्याच्या वचनांप्रमाणे केलेली वागणूक? या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मशास्त्रात शतकानुशतके वाद झाले आहेत आणि त्यांतून पंथही फुटले आहेत. मला त्या वादात शिरायचे नाही. पण गवंड्याच्या भाषेत बोलायचे तर उत्तर सोपे आहे. खडक आपण तयार करीत नाही, तो असतोच. आपल्या हाती असते ते खणणे. ख्रिस्ती माणूस ख्रिस्ताला खडक मानतो. पण त्याचे नाव घेतल्याने कोणी त्या खडकापर्यंत पोहोचत नाही. मधली माती उपसावी लागते, आणि ती उपसण्याचे काम वागण्यातून होते. आजच्या व्याख्यानात मला जे सांगायचे आहे ते एवढेच. बाप्तिस्मा म्हणजे फार तर भूमिपूजन. पाया त्यानंतर घातला जातो, रोजच्या कष्टाने घातला जातो, आणि कित्येकदा फार उशिरा घातला जातो.

रमाबाईंच्या चरित्रात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. त्यांचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या आईने मुलीला शिकविले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत देशभर हिंडले. दुष्काळ आला. जवळचे होते नव्हते ते व्रते आणि दानधर्म यांत संपले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण गेली. वडिलांनी अखेरच्या भेटीत मुलीला जवळ घेऊन, तुला मी देवाच्या हाती सोपविले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा आशयाचा उपदेश केला होता. ही आठवण रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावर लिहिलेल्या आत्मनिवेदनात मोठ्या कृतज्ञतेने नोंदविली आहे. ज्या पित्याचा धर्म त्यांनी सोडला, त्याच पित्याची आज्ञा आपण पाळीत आहो असे त्यांना शेवटपर्यंत वाटत होते. धर्मांतर म्हणजे मागचे सर्व पुसून टाकणे, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

उरलेल्या भावाबरोबर हजारो मैल पायी फिरून त्या १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या त्यांना दिल्या. पण याच काळात धर्मशास्त्रांचा अभ्यास करताना स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाचा मार्ग मोकळा नाही, असे त्यांना दिसून आले, आणि मनात खणणे सुरू झाले. पुढे भाऊ वारला. विवाह झाला, मुलगी मनोरमा जन्मली, आणि दोन वर्षांच्या आतच, १८८२ साली, पती कॉलऱ्याने गेले. पती जिवंत असतानाच घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती. खोल खणणाऱ्या माणसाचा उल्लेख ज्या शुभवर्तमानात आहे तेच हे पुस्तक, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वॉन्टेज येथील भगिनींनी लंडनच्या फुलम भागातील आपले एक सेवागृह त्यांना दाखविले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तिथे सेवाशुश्रूषा होत असे. अशा स्त्रियांना कोणी प्रेमाने वागवते हे रमाबाईंना नवे होते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या ख्रिस्ताची, योहानाच्या शुभवर्तमानातली कथा वाचून दाखविली. विहिरीवर पाणी भरायला आलेली ती स्त्री, तिची जात वेगळी मानलेली, तिचे चारित्र्य लोकांच्या बोलण्याचा विषय झालेले, आणि तिच्याशी धर्माच्या गोष्टी बोलत बसलेला गुरू! आपल्याकडच्या पाणवठ्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला या कथेचा अर्थ निराळा सांगायला नको. निळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाने त्यांच्या बौद्धिक शंकांपैकी काही फिटल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

सामान्य चरित्रकार इथे प्रकरण संपवितो. पण पायाच्या दृष्टीने पाहिले तर खणण्याचे अवघड काम इथून पुढे सुरू झाले. वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डीन, तसेच चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील, यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे. जिज्ञासूंनी तो मुळातून वाचावा. त्रैक्याच्या सिद्धान्तावर, ख्रिस्ताच्या देवत्वावर, चर्चच्या अधिकारावर रमाबाई प्रश्नांमागून प्रश्न विचारतात. मोठ्या प्रयासाने मी एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून काढले आहे, ते आता दुसऱ्या पुरोहितवर्गाचे घालून घेण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ आहे. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये असलीच पाहिजेत हा आग्रह त्यांना मान्य होईना. लॅटिनमध्ये असे काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही, असा त्यांचा सवाल होता. शाकाहार तर त्यांनी जन्मभर सोडला नाही. त्या भगिनींना या बाईचा हट्ट आणि अहंकार दिसला. आज ती पत्रे वाचताना आपल्याला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. दुसऱ्याने सांगितले म्हणून मानलेले मत ही वरची भुसभुशीत माती असते. प्रश्न विचारल्याशिवाय ती उपसली जात नाही. तेव्हा शंकेला श्रद्धेचा शत्रू समजण्याचे कारण नाही. शंका दाबून ठेवणे हाच पायाचा मोठा दोष आहे, कारण दाबलेली शंका भिंतीखालच्या पोकळीसारखी राहते आणि नको त्या वेळी खचते.

तथापि शंका विचारणे म्हणजेच पाया घालणे नव्हे. याचीही साक्ष रमाबाईंनीच दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नाही. विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे एक पुस्तक त्यांच्या वाचनात आले होते. हा गृहस्थ कित्येक वर्षे चर्चमध्ये उपदेश करीत होता आणि स्वतःला मात्र आपण उपदेशिलेल्या गोष्टीचा अनुभव नाही, हे त्याला एके दिवशी कळून आले होते. रमाबाईंना त्या आरशात आपले रूप दिसले. विचार करा. तोवर त्या जगप्रसिद्ध झाल्या होत्या. अमेरिकेत त्यांच्या नावाने मंडळ स्थापन झाले होते, हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ सालीच गाजला होता, मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी निघालेले शारदासदन पुण्यात येऊन नीट चालले होते. इमारत उभी होती, लोक वाखाणीत होते. अशा वेळी, पाया अजून खडकाला टेकलेला नाही, असे स्वतःशी कबूल करायला केवढे धैर्य लागत असेल! ख्रिस्ती परिभाषेत याला पश्चात्ताप आणि विश्वास म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर माझ्या विद्वत्तेने, माझ्या पुण्याईने, माझ्या कार्याने मी तरणार नाही, हे एकदा मनापासून पटणे आणि मग देवाच्या कृपेवर भार टाकणे. शंकेने वरची माती निघते. खालचा 'मी' नावाचा कातळासारखा दिसणारा पण आतून ठिसूळ असलेला थर मात्र असल्या शरणागतीनेच निघतो.

यानंतर पूर यायला वेळ लागला नाही, आणि पहिला पूर याच पुण्यात आला. शारदासदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल असे आश्वासन दिलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. यावरून वाद पेटला. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणणे होते, हे आज शांतपणे मान्य केले पाहिजे. दिलेले आश्वासन उघड्या दाराने मोडते की नाही, हा प्रश्न विचारणारे रानडे काही दुष्ट नव्हते. रमाबाईंचे ते हितचिंतक होते, आणि पुण्यातील वसंत व्याख्यानमालेच्या परंपरेचे ते आद्य पुरुष म्हणून आपणां सर्वांना वंदनीय आहेत. उलट, मी माझ्या खोलीचे दार लावून देवाचे नाव चोरून का घ्यावे, हा रमाबाईंचा प्रश्नही टाकाऊ नव्हता. पण त्याच वर्षाची दुसरी एक गोष्ट आपण सहसा आठवत नाही. शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. १८९३ च्या मार्च महिन्यात धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि आनंदीबाई कर्वे म्हणून त्या महाराष्ट्राला माहीत झाल्या. त्या हिंदूच राहिल्या. पुढे १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. एका ख्रिस्ती बाईने घातलेल्या पायाचा एक दगड असा हिंदू समाजाच्या इमारतीखालीही गेला आहे.

दुसरा पूर म्हणजे खरोखरीचा अवर्षणाचा काळ. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी दुष्काळाने आई-बाप गमावलेली ही बाई तिथे स्वतः गेली, आणि उपाशी विधवा व मुली यांना घेऊन आली. पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, आणि 'मुक्ती' नावाची वसाहत उभी राहिली. १९०० च्या सुमारास गुजरातेतही दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही मुली आल्या, आणि वसाहतीची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या तोंडांना रोज अन्न लागते, अंगाला वस्त्र लागते, आजाऱ्यांना औषध लागते. विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, छापखाना अशी कामे मुलींनी शिकावी अशी व्यवस्था त्यांनी केली. आंधळ्यांना ब्रेल लिपी शिकविली जाई. लोकांनी टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन' निघाले. फुलमला जे पाहिले होते ते आता केडगावच्या माळावर उभे राहिले. ऐकणे आणि करणे यांची सांगड दृष्टांतात घातली आहे ती हीच. रमाबाई प्रार्थनेवर फार विश्वास ठेवीत हे खरे, परंतु प्रार्थनेतून उठल्यावर त्या हिशोबाची वही उघडीत हेही तितकेच खरे.

१९०५ साली मुक्तीत मोठे धार्मिक जागरण झाले. शेकडो मुली रडत, पापाची कबुली देत, तासन्‌तास प्रार्थना करीत राहिल्या. त्याची वार्ता परदेशांतही पसरली. अशा भावनेच्या उद्रेकाकडे कोणी संशयाने पाहतात, कोणी त्यालाच धर्माचे सर्वस्व समजतात. माझ्या मते भावना ही पावसासारखी आहे. पावसाशिवाय शेत पिकत नाही, पण पावसावर घर बांधता येत नाही. मुक्तीचे वैशिष्ट्य हे की जागरणाचा भर ओसरल्यावरही दुसऱ्या दिवशीची शाळा भरली, माग चालू झाले, आणि दळणाला बायका बसल्या.

आणि त्याच सुमारास रमाबाईंनी आयुष्यातले अखेरचे मोठे काम हाती घेतले. ते म्हणजे संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर. मराठी बायबल तोवर नव्हते असे नाही. विल्यम केरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून नवा करार १८११ सालीच मराठीत निघाला होता, आणि पुढे संपूर्ण भाषांतरेही झाली होती. पण ती भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, असे रमाबाईंना दिसले. ज्या स्त्रीला कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटले, तिने मुद्दाम संस्कृतप्रचुर शब्द टाळले, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला, आणि घरगुती मराठीत सारे पुस्तक उतरविले. खिळे जुळविणाऱ्या आणि छापणाऱ्याही मुक्तीतल्या स्त्रियाच. ऐकू येणे फार कमी झाले होते, प्रकृती ढासळली होती, आणि १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती सगळे कार्य सोपवायचे होते, ती आईच्या आधी गेली. माझ्या दृष्टीने तिसरा आणि सर्वांत मोठा पूर हाच. या धक्क्यानंतरही काम थांबले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, आणि १९२४ साली ते बायबल छापून झाले.

भाषेचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण जी श्रद्धा माणसाच्या आईच्या भाषेत उतरत नाही तिला मुळे फुटत नाहीत. गोव्यात फादर टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाला हे सोळाव्या-सतराव्या शतकातच कळले होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली, पण कानाला पुराणाची सवय होती. ती भूक कोण भागविणार? म्हणून त्याने ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचेही असेच. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने नवा करार हाती दिला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांचे मन तिथेच खिळले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि अभंग-कीर्तनाचे मराठी लेणे त्यांनी चर्चमध्ये नेले. अखेर १९१७ साली मिशनचे वेतन सोडून 'देवाचा दरबार' उभारण्याच्या खटपटीला लागले, तेही हिंदी ख्रिस्ती माणसाने आपल्या पायांवर उभे राहावे म्हणून.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मार्ग आणखी निराळा. पतीने धर्म बदलला तरी त्यांनी सोवळे-ओवळे सोडले नाही. पाच वर्षे त्या आपल्या जागी ठाम राहिल्या. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या बुद्धीने सोडविला, आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची तयारी झाल्यावर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. म्हणजे रमाबाईंनी आधी बाप्तिस्मा घेतला आणि मग आठ वर्षे खणले. लक्ष्मीबाईंनी आधी पाच वर्षे खणले आणि मग भूमिपूजन केले. क्रम निराळा असेल, पण खणण्यातून दोघींचीही सुटका झाली नाही. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला या बाईच्या घरात दारिद्र्य किती होते आणि हसणे किती होते हे दोन्ही ठाऊक आहे. माझ्या मते ते हसणे म्हणजे पाया पक्का असल्याची खूण होती.

आता या साऱ्याचे तात्पर्य. ते मी प्रथम माझ्या ख्रिस्ती बांधवांना सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांनी धर्म बदललेला नाही. तो आपल्या आजोबा-पणजोबांनी बदलला. बाप्तिस्म्याचा दाखला आपल्याला वारसाहक्काने मिळाला आहे, आणि वारसाहक्काने मिळालेल्या घराचा पाया कोणी उकरून पाहत नाही. परंतु आजोबांनी खणले म्हणून नातवाची श्रद्धा खडकाला टेकत नाही. आणि भिंतीला तडे गेलेले दिसतातच. देवाच्या मेजावर एकत्र बसणारी माणसे मुलामुलींची लग्ने ठरविताना पूर्वजांची जात चौकशीला घेतात, हा तडा नव्हे काय? मंडळीच्या मालमत्तेवरून भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात उभा राहतो, हा तडा नव्हे काय? देवावर विश्वास ठेवला म्हणजे पैसा, नोकरी, आरोग्य सगळे मिळेल असे सांगणारे उपदेशक गर्दी खेचतात. ती तर निव्वळ वाळू आहे, कारण पहिल्या आजारपणात ती पायाखालून निघून जाते. रमाबाईंना विश्वासाच्या बदल्यात काय मिळाले, हे आपण आताच पाहिले.

तर मग पाया पक्का करावा कसा? या चरित्रातून मला चार गोष्टी दिसतात. शास्त्र स्वतः वाचावे आणि आपल्या भाषेत वाचावे. मनातली शंका लपवू नये. ती देवापुढे आणि जाणत्यांपुढे ठेवावी. एकान्तात स्वतःचा खरा हिशोब करावा आणि कृपेची याचना करावी. आणि ऐकलेल्यापैकी एक तरी गोष्ट आजच, हाताशी असलेल्या माणसाच्या बाबतीत, करून पाहावी. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी चौथीवाचून व्यर्थ आहेत, कारण दृष्टांतातला फरक ऐकण्यात नसून करण्यात आहे.

आणि जे श्रोते ख्रिस्ती नाहीत त्यांना मी काय सांगू? आपला खडक आपण निराळ्या नावाने ओळखत असाल, किंवा त्याचे अस्तित्वच मानीत नसाल. त्याविषयी वाद घालण्याची ही जागा नव्हे. माझी विनंती इतकीच की शेजाऱ्याच्या घराविषयी मत बनविताना नुसता रंग पाहू नये. रमाबाईंना त्यांच्या काळच्या पुण्याने बाटलेली बाई म्हणून पाहिले, विलायतेने हट्टी शिष्या म्हणून पाहिले. पाया कोणीच पाहिला नाही, कारण पाया जमिनीखाली असतो. १९६१ च्या जुलैत पानशेतचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, तेव्हा मातीच्या भिंतींची किती घरे बसली हे पुणेकर अजून सांगतात. आदल्या दिवशी ती सारी घरे शेजारच्या घरांइतकीच धड दिसत होती. पूर आपल्या हातात नाही. कधी येईल हेही आपल्याला ठाऊक नाही. हातात आहे ती कुदळ, आणि जमीन मऊ आहे तोवरच ती चालविणे शहाणपणाचे.